जाऊबाईंची डबी

"काय गं, कुंपणापाशी ये जरा. माझ्या तोंडाकडे नीट बघ. काही फरक दिसतोय?"

"चष्मा बदललात काकू?"

"चष्मा कसला! सुरकुत्या बघ. धाकट्या जाऊबाई दुबईहून आल्या ना, त्यांनी क्रीमची डबी दिली. चार हजारांची. किमतीची चिठ्ठी काढायला बऱ्या विसरल्या!"

"त्या स्वतः तीच लावतात?"

"कुठली! परवा लग्नात नवऱ्या मुलाचे बूट पळवले, सगळे हसून लोळतायत आणि ह्यांची भुवई जागची हलेना. इंजेक्शन घेतलंय गं. स्वतःला सुई आणि मला डबी."

"बोटॉक्स असणार. तीन-चार महिन्यांनी उतरतं, मग पुन्हा पैसे मोजा. आणा बघू ती डबी. पुढची सोनेरी अक्षरं राहू देत, मला मागचं वाचायचंय. धाकटी बहीण त्वचेची डॉक्टर झाल्यापासून ही खोडच लागलीय. जे जास्त घातलंय ते आधी लिहितात. एक टक्क्याच्या आतलं मग कसंही. पाणी, ग्लिसरीन, सिलिकॉन... आणि रेटिनॉल? हे काय, सुगंधाच्याही खाली!"

"पण कोलॅजन आहे ना त्यात?"

"त्याचा रेणू एवढा थोराड की कातडीतून आत शिरतच नाही. वर बसून ओल धरतो, एवढंच."

"अगं, पण सकाळी चेहरा कसा टवटवीत दिसतो!"

"ती ग्लिसरीनची करामत. कातडीत पाणी धरलं की बारीक रेघा बुजल्यासारख्या वाटतात. लावणं थांबवा, आठवड्यात पहिल्यासारखं. एवढं काम साधं मॉइश्चरायझरही करतं."

"मग सुरकुत्या जातात तरी कशानं?"

"जात नाहीत, कमी होतात. ट्रेटिनॉइन म्हणून मुरमांचं औषध आहे. अमेरिकेत क्लिगमन नावाच्या डॉक्टरांना मुरमांवर ते वापरणाऱ्या बायका सांगायला लागल्या की कातडीही नितळ झाली. 1986 साली त्यांनी त्यावर लेख छापला. रेटिनॉल म्हणजे त्याचंच सौम्य भावंड. मिशिगनमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या एका दंडाला रेटिनॉल आणि दुसऱ्याला नुसतं लोशन लावून पाहिलं, 24 आठवडे. सरासरी वय 87! रेटिनॉलच्या दंडावरच्या बारीक सुरकुत्या खरंच कमी झाल्या."

"सत्त्याऐंशीव्या वर्षी दंड कोण बघतंय गं?"

"म्हणून तर आतल्या बाजूला लावलं, जिथं ऊन लागत नाही. तुम्हीही तसंच करा. एका गालाला ही, दुसऱ्याला साधं मॉइश्चरायझर, तीन-चार महिने."

"म्हणजे हळदीकुंकवाला मी अर्धी तरणी, अर्धी म्हातारी? काहीतरीच! त्यापेक्षा ती कोपऱ्यावरच्या घरातली बाई मेडिकलातून जी ट्यूब आणते, तीच आणते झालं. पंधरा दिवसांत उजळली."

"आणि आता? पदर ओढल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. तसल्या ट्यूबांत स्टेरॉइड असतं. कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, ऊन सोसत नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका."

"बाई गं! तरीच."

"आणि उन्हावरून आठवलं, काकांचा उजवा गाल कधी नीट पाहिलात?"

"ह्यांचा? त्यात काय पाहायचं?"

"जन्मभर एस.टी. चालवली, खिडकी उजव्या हाताला. त्या गालाला डाव्यापेक्षा जास्त सुरकुत्या आहेत. अमेरिकेतल्या एका ट्रकवाल्याचा फोटो 2012 साली डॉक्टरांच्या नियतकालिकात आला होता. 28 वर्षं ट्रक चालवला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून त्याची डावी बाजू पार लोंबलेली."

"काच लावली तरी?"

"काच लावली की चटका लागत नाही, पण सुरकुत्या पाडणारे किरण येतातच. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला लावलं, दुसऱ्याला मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांची कातडी 24 टक्क्यांनी कमी म्हातारी झाली. तुम्ही मात्र पापड वाळत घालायला भर दुपारी गच्चीवर, डोक्यावर साधा पदरही नाही."

"उद्यापासून लावते बाई, पापडांच्या आधी. पण ह्या डबीचं काय करू?"

"एका गालाला लावा म्हटलं ना."

"गाल मिळाला. ह्यांचा उजवा. रात्री झोपले की लावते."

"ओरडतील काका!"

"घोरताना कुठलं कळतंय!"