समास सोडून

विज्ञान दिनाच्या निबंध स्पर्धेतील परीक्षकांचे जाहीर आभार मानलेच पाहिजेत. सातवीतल्या एका मुलीने आकाश निळे का, ते लिहिले: निळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी, म्हणून हवेतले रेणू तो तांबड्यापेक्षा जास्त विखुरतात. त्यावर लाल शाईत विधायक सूचना: 'समास सोडावा. सुरुवातीला सुविचार हवा. विज्ञान शाप की वरदान, हे शेवटी स्पष्ट करावे.' मग आकाश जांभळे का नाही, हा तिचा प्रश्न 'विषयांतर' म्हणून खोडला, तेही योग्यच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली बोटीवर समुद्राच्या निळाईबद्दल टिपण लिहिले, तेव्हा असे मार्गदर्शन नव्हते. परिणामी १९३० साली त्यांना नोबेलवर समाधान मानावे लागले. उत्तेजनार्थ बक्षीस हुकले ते हुकलेच. पुढील वर्षीच्या स्पर्धकांनी पट्टी सोबत आणावी.