बचतराव

बचतराव उधळे आहेत असं त्यांना ओळखणारा एकही माणूस म्हणणार नाही. शेअर रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून ते भर मे महिन्यात ठाणे स्टेशनपासून घरापर्यंत चालत येतात. भाजीवाल्याकडून चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या वर पडल्याशिवाय पिशवी उचलत नाहीत. हॉटेलात बिलाची बेरीज स्वतः करतात आणि त्यात सर्व्हिस चार्ज दिसला की तो देणं सक्तीचं नाही, हे मॅनेजरला बोलावून, आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. नोकरीनं इंटर्नल ऑडिटर. विक्री विभागाच्या माणसानं टॅक्सीचे चाळीस रुपये जास्त लावले तर ते यांना तीन मजल्यांवरून दिसतात.

आता आमच्या वॉचमनला विचारा. गेटवर पार्सलवाला आला की वॉचमन त्याला 'कुणाकडे?' म्हणून विचारतच नाही. थेट बचतरावांच्या फ्लॅटचा नंबर लिहितो. पार्सल दुसऱ्या कुणाचं निघालं तर खाडाखोड करतो. पण अशी खाडाखोड फारशी करावी लागत नाही.

बचतराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नाही. सोसायटीनं दिलेलं आहे, आणि त्यांना ते कौतुकाचं वाटतं. अशी असामी तुमच्याही सोसायटीत असणार. नसेल तर ती तुम्हीच असाल, पण तो विषय वेगळा.

बचतरावांचं अर्थशास्त्र एका एक्सेलच्या फाइलीत आहे. रकाने पाच: तारीख, वस्तू, एमआरपी, दिले, वाचले. 'दिले' हा रकाना फिकट करड्या अक्षरांत आहे, डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येत नाही. 'वाचले' मात्र हिरव्या रंगात, ठळक. भाज्या कापायचं यंत्र: एमआरपी ४,९९९, दिले १,७९९, वाचले ३,२००. मानेला मसाज करणारी उशी: वाचले २,१००. कार धुवायचा प्रेशर पंप: वाचले ५,५००. त्यांच्याकडे कार नाही. "पण पंप या भावात परत मिळाला नसता," असं त्यांचं म्हणणं. एमआरपीचा आकडा छापणारा उत्पादकच असतो आणि त्यावर फुली मारणाराही त्याचाच माणूस, हे एवढ्या पक्क्या ऑडिटरला कळत नाही असं नाही. ऑफिसात असं व्हाउचर आलं असतं तर त्यांनी दोघांनाही समोर बसवलं असतं. पण ऑडिटरचा चष्मा ते ऑफिसच्या खणात ठेवून येतात.

मागच्या मार्चअखेर त्यांनी हिरव्या रकान्याची बेरीज केली आणि चहाच्या वेळी जाहीर केली. "या वर्षी आपण एक लाख अठरा हजार वाचवले."

वहिनींनी कपबशी खाली ठेवली. "अहो, मग आहेत कुठे ते?"

या प्रश्नावर बचतरावांनी मला, म्हणजे चहाला आलेल्या शेजाऱ्याला, साक्षीला घेतलं. "बघा, हिला बचत आणि शिल्लक यातला फरकच कळत नाही."

फुकट डिलिव्हरी हा त्यांचा खास प्रांत. त्यांना एकदा एकशेवीस रुपयांचा टूथब्रश हवा होता. डिलिव्हरीचे चाळीस रुपये पडत होते. चारशे नव्याण्णवच्या वर खरेदी गेली तर ते माफ. चाळीस रुपये फुकट घालवणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणून त्यांनी तीनशे नव्वदचा अक्रोड फोडायचा अडकित्ता टूथब्रशबरोबर मागवला. अडकित्ता आला म्हटल्यावर अक्रोड आणणं भाग होतं. अक्रोड एक किलोवर एक किलो मोफत होते. दोन किलो अक्रोड ठेवायला हवाबंद बरण्या लागल्या, त्या सहाच्या सेटमध्येच स्वस्त पडत होत्या. एक्सेलमध्ये त्या दिवशीची एकूण बचत दोन हजारांच्या घरात गेली. दात घासायला मात्र आठवडाभर जुनाच ब्रश, कारण नवा वेगळ्या पार्सलमधून येणार होता.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल तर त्यांच्याशी बोलूच नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरात बँकांना लेखी सुनावलं होतं. तेव्हापासून दुकानदार काय करतो, तर रोखीनं घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याच्या व्याजात जिरवतो. वर बँकेची प्रोसेसिंग फी, आणि कागदावरच्या त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. हे सगळं मला बचतरावांनीच समजावून सांगितलं, पेन्सिलीनं आकडे मांडून, फार सुंदर. सांगून झाल्यावर त्यांनी नऊ हप्त्यांत रोबोट झाडूवाला घेतला. माणूस अडाणी असेल तर त्याला समजावता येतं. ज्याला सगळं आधीच समजलेलं आहे त्याचं काय करायचं?

खरेदीच्या ॲपवर ते लाल आकड्यांचं उलटं घड्याळ फिरायला लागलं की त्यांचा श्वास बदलतो. 'फक्त दोनच शिल्लक!' हे वाक्य वाचून त्यांना वस्तूची दया येते की काय कोण जाणे. यावर सरकारनंही उपाय केलाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न्स'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ग्राहकाला गंडवण्याचे तेरा प्रकार नावानिशी नोंदवले. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, असे. बचतरावांना ही यादी इतकी पटली की त्यांनी तिची प्रिंट काढून कॉम्प्युटरच्या वर लावायचं ठरवलं. कागद टिकावा म्हणून लॅमिनेशन हवं. बाहेर एका पानाला वीस रुपये घेतात, ही लूट! लॅमिनेशनचं मशीन घरीच आलं, दोन हजार तीनशेला, शंभर पाऊच मोफत. पुढच्या महिन्यात त्यांनी घरातला यच्चयावत कागद लॅमिनेट केला: वीजबिल, रेशनकार्ड, पाहुण्यांची लग्नपत्रिका. त्या यादीखाली बसूनच ते आता खरेदी करतात.

आपण फार खर्च करतो, असं वाटण्याचे झटकेही त्यांना येतात. साधारण पाडव्याच्या आसपास. मात्र बचतीचा संकल्पसुद्धा सामानाशिवाय त्यांना करता येत नाही. मागच्या पाडव्याला आधी बचतीवरची चार इंग्रजी पुस्तकं आली (तीनवर एक मोफत). मग जपानी 'काकेबो' पद्धतीची खर्चाची वही आली. हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये जपानी गृहिणींसाठी ती काढली, हे त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. वही कापडी बांधणीची होती आणि किमतीत आपल्याकडच्या चाळीस साध्या वह्या आल्या असत्या. शिवाय खर्च नोंदवणाऱ्या ॲपचं वर्षाचं सभासदत्व. शिवाय टाकलेली नाणी मोजून आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक गल्ला. यूपीआय आल्यापासून त्यांच्या खिशात नाणं नाही, म्हणून पेट्रोल पंपावर जाऊन ते सुटे मागू लागले. तिथल्या पोरानं गाडी कुठाय म्हणून विचारलं.

त्या पुस्तकांपैकी एकात चोवीस तासांचा नियम होता. काही घ्यावंसं वाटलं तर टोपलीत टाका, पैसे भरू नका, एक दिवस थांबा. नियम उत्तम आहे. बचतराव थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानानंच निरोप पाठवला की तुमची वस्तू टोपलीत वाट बघतेय, आजच्या आज घेतलीत तर आणखी दहा टक्के सूट. संयमाचं फळ गोड असतं असं ऐकलं होतं, इथं ते रोख मिळालं. तेव्हापासून ते रोज रात्री झोपण्यापूर्वी न लागणाऱ्या वस्तू टोपलीत टाकून संयम करत बसतात.

त्यांचे वडील कराडचे. पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज दिवेलागणीला दारात यायचा आणि ते त्याच्या हातावर दहा रुपये ठेवायचे. ही पिग्मी मुळात उडुपीची. तिथल्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये दारोदार फिरून रोजचे दोन आणे गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे आपल्याकडच्या पतपेढ्यांनी ती उचलली. बचतराव वडिलांची ही गोष्ट भरल्या गळ्यानं सांगतात. माझं मत जरा निराळं आहे. त्या पिढीचा संयम होताच, पण त्यांना दुकानदारांची मोलाची साथ होती. खरेदीची हुक्की दुपारी दीडला यायची आणि दुकान चारला उघडायचं. चारला गेलं की वस्तू फळीवर सगळ्यात वर, आणि ती काढायला सांगितलं तर मालक विचारायचा, "घेणार आहात की नुसती बघायचीय?" मिक्सर घ्यायचा विषय दसऱ्याला निघायचा, पाडव्यापर्यंत तीन नातेवाइकांचे सल्ले घ्यायचे, तोवर पाटावरवंट्यावरची चटणीच चांगली लागते असा निष्कर्ष निघायचा. आता मध्यरात्री गादीत पडल्या पडल्या अंगठा टेकला की व्यवहार पुरा. आणि यांना कुणी 'घेणार आहात का?' म्हणून विचारत नाही, 'कधी पोचवू?' एवढंच विचारतात.

घर चाललंय ते वहिनींमुळे. वहिनींनी आयुष्यात एक्सेल उघडलेलं नाही. त्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात आहेत. १९७५ पासून चालू असलेली ही पद्धत सोपी आहे: काही घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याचं वाणसामान आधी यादीत भरायचं, माल घाऊक येतो आणि आपापसांत वाटून घेतला जातो. यादी आधी द्यावी लागत असल्यानं ऐन वेळी समोर दिसलं म्हणून घेतलं, ही सोयच नाही. वहिनींनी ही रीत पगाराला लावली. पगार एक तारखेला येतो. त्याच दिवशी आवर्ती ठेवीचा हप्ता आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी कापली जाते. पीपीएफचे पैसे चार तारखेच्या आत जातात, कारण तिथं पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर व्याज धरतात. दर ७.१ टक्के, मुदत पंधरा वर्षं. बचतरावांना जाग येईपर्यंत पगारातला मोठा लचका त्यांच्या हाताबाहेर गेलेला असतो. "उरेल ते टाकू म्हटलं ना भाऊजी, तर यांच्याकडे कधी काही उरायचंच नाही," वहिनी मला म्हणाल्या.

पण खरा बॉम्ब त्यांनी गेल्या दिवाळीआधी टाकला. खातं दोघांच्या नावावर. त्यांनी बँकेत जाऊन कार्डाला आणि खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घेतला. बचतरावांना भाजी-दुधापुरतं वेगळं छोटं खातं, त्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम. मोठ्या खरेदीचा ओटीपी आता वहिनींच्या फोनवर येतो.

पहिल्या रात्री अकरा वाजता बचतराव दिवाणखान्यातून ओरडले, "अगं, ओटीपी आलाय का बघ."

आतून आवाज आला, "आलाय. कशाला?"

बस, एवढंच. 'घेऊ नका' नाही, भांडण नाही, नुसतं 'कशाला?' बचतराव विचारात पडले. हवेचा दाब मोजणारं मनगटी घड्याळ ठाण्यात राहणाऱ्या माणसाला कशाला, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं. उत्तर जुळवेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. पहिल्या पंधरवड्यात निम्म्याहून अधिक वस्तू या प्रश्नावरच गारद झाल्या. चार इंग्रजी पुस्तकं, जपानी वही आणि वर्षाचं सभासदत्व यांना जे जमलं नाही ते तीन अक्षरांत झालं, आणि त्याला डिलिव्हरी चार्जही नाही.

माणूस मात्र मुळापासून बदलत नसतो. बचतरावांनी एक्सेलमध्ये सहावा रकाना काढलाय: 'न घेतल्यामुळे वाचले'. त्यात मनगटी घड्याळ आहे, ड्रोन आहे, आणि गेल्या आठवड्यापासून एक चौदा लाखांची कारही आहे. या तिमाहीची बचत सतरा लाखांवर गेली आहे असं ते सांगतात. वहिनींनी आता 'आहेत कुठे?' विचारणं सोडलंय, कारण खरे असलेले पैसे कुठे आहेत ते त्यांना माहीत आहे.

घरातल्या जागेचा प्रश्न उरलाच होता. म्हणून परवा बचतरावांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'विकणे आहे' असं टाकलं: प्रेशर पंप, लॅमिनेशन मशीन, मसाजची उशी, रोबोट झाडूवाला; सर्व जवळपास न वापरलेलं, एमआरपीवर साठ टक्के सूट, कोणतेही तीन घेणाऱ्यास नवा अडकित्ता मोफत. वाचकांपैकी कुणाला हवं असेल तर जरूर या, किंमत आणखी उतरेल, वहिनींची खात्री आहे. फक्त अडकित्त्याचा आग्रह धरू नका. जुना एकच होता, तो अक्रोड फोडताना तुटला. नवा मागवायचा म्हणून बचतराव तीन दिवस ओटीपी मागतायत, आणि वहिनींनी तो अजून दिलेला नाही.