बऱ्यापैकी

"मुहैस्नाहला खोली घेतलीय, सोनापूरच्या बाजूला," असं मी दुबईहून गिरगावच्या आत्याला कळवलं, तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता पसरली. मुहैस्नाह दोनमधल्या कामगार वस्तीला आपल्याच लोकांनी सोनापूर हे हौशी नाव दिलंय. पण मरीन लाइन्सजवळ जन्म गेलेल्या बाईला सोनापूर म्हणजे स्मशान. "एवढ्यात कशाला रे?" एवढंच ती म्हणाली.

मी खरं तर मुहैस्नाह चारला राहतो, मदिना मॉलपासून चालत. एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढतो. आधी पगारावर काढायचो, आता परमिट घेऊन सुट्टा झालोय. नोकरदाराची इथला कायदा काळजी घेतो. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. नोकरी सुटताना मागितला तर मालकानं अनुभवाचा दाखला फुकट द्यायचा आणि त्यात माणसाच्या नावाला बट्टा लागेल असं काही लिहायचं नाही. म्हणजे दाखल्यापुरते सगळेच गुणी! सुट्ट्याला मालकच नाही, त्यामुळे बट्टाही नाही आणि दाखलाही नाही.

अशात एका नव्या गिऱ्हाइकानं दोन शिफारसपत्रं मागितली. लेटरहेडवर, शिक्क्यासह. शिक्का हवाच. इथे नुसत्या सहीकडे लोक कीव आल्यासारखं बघतात.

पहिलं पत्र जुन्या मॅनेजरसाहेबांनी तासाभरात पाठवलं. केरळचे, फार सज्जन माणूस. पण कुणाचं तरी जुनं पत्र त्यांनी वापरलं असावं, कारण तिसऱ्या परिच्छेदापासून मी बाई झालो होतो. आणि खरं सांगायचं तर ती बाई माझ्यापेक्षा हुशार होती.

दुसऱ्या पत्रासाठी उरला एकच ठेकेदार. त्याच्याकडे माझे ३,२०० दिरहम चार महिने अडकलेले. आधी पैसे मागावेत तर पत्र जाणार, आधी पत्र मागावं तर पैसे. मी पत्र मागितलं. तो प्रेमानं म्हणाला, "तू लिख के ला भाई, मैं साइन मार दूँगा।"

आता आली का पंचाईत! स्वतःची स्तुती स्वतः लिहायची, तीही चिपळूणच्या माणसानं. आमचे वडील चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवत होते. कुणी विचारलंच तर "सूर धरतो जरा" म्हणायचे. आमच्याकडे कौशल्याची शेवटची पायरी म्हणजे 'बऱ्यापैकी'. त्यापुढे गेला तो शेफारला. आणि शिफारस म्हटली की आम्हाला गोरोबाकाका आठवतात. थापटणं घेऊन त्यांनी एकेका संताचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांसारख्या नामदेवांना 'कच्चं मडकं' ठरवलं. नामदेव बिचारे गुरू शोधायला निघाले. मी मात्र रात्रभर लॅपटॉपपुढे बसून स्वतःच्याच डोक्यावर थापटत होतो.

पहाटेपर्यंत तीन वाक्यं झाली. हा मनुष्य काम वेळेवर देतो. चूक दाखवल्यास दुरुस्त करतो. इंग्रजी बऱ्यापैकी.

ठेकेदारानं कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. "भाई, ये तारीफ है या कंप्लेंट?" मग त्यानं स्वतःच मजकूर सांगायला सुरुवात केली. दुबईत माझ्या तोडीचा ड्राफ्ट्समन नाही, माझ्या ड्रॉइंगमध्ये साइटवर एकदाही बदल करावा लागला नाही (तीनदा करावा लागला होता, त्यातला एक जिना फोडून). खाली त्यानं निळा गोल शिक्का मारला, आणि पहिला फिका उठला म्हणून दुसरा. वर कडक चहा पाजला. एवढं झाल्यावर ३,२०० चा विषय कोणत्या तोंडानं काढणार? मी "शुक्रिया" म्हणून बाहेर पडलो.

चौथ्या दिवशी नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला. काम मिळालं होतं. मला राहवेना. विचारलं, कोणतं पत्र जास्त आवडलं?

"पत्रं कोण वाचतो?" साहेब हसले. "आम्ही सरळ त्या ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, चार महिने याचे पैसे दिले नाहीत, पण पठ्ठ्यानं एकदाही तगादा लावला नाही. परवा ऑफिसात आला, चहा पिऊन गेला, तरी नाही. असा माणूस सोडू नका."


"आणि हो," ते पुढे म्हणाले, "पेमेंटचं आपण नंतर बघू."