थेंब मोजणारे दादा

उचगावात घरटी एक मोटारसायकल असते, गल्लीला एक तरुण मंडळ असतं आणि दोन-तीन गल्ल्यांमागे एक टाकीवाले दादा असतात. टाकी म्हणजे स्लॅबवरची नव्हे. हॉलमध्ये टीव्हीशेजारी निळ्या उजेडात बुडबुडे सोडत असते, ती काचेची. दादा चाळिशीचे, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत क्वालिटीला. दिवसभर ओतकामातलं कार्बन-सिलिकॉन तपासायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम. वहिनी म्हणतात, "कंपनीत निदान पगार तरी देत्यात."

दादा काही जन्मापासून असे नव्हते. पहिली टाकी आणताना माणूस मासा बघतो तो पाहुण्यांच्या डोळ्यांनी. कपाळावर टेंगूळ आलेला फ्लॉवरहॉर्न, वास्तूला चांगली म्हणून अरोवाना, नाहीतर आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले पिवळे-निळे सिक्लिड. कोल्हापुरात नाद करायचा तर भारीच करायचा, त्यामुळे पाच-दहा रुपयांच्या माशावर सुरुवात करणं दादांच्या इभ्रतीत बसत नाही. मलावीचं पाणी अल्कधर्मी, पीएच आठच्या आसपास. आपल्या नळाला येतं ते सह्याद्रीत कोसळलेल्या पावसाचं. भर पावसाळ्यात ते गढूळ असेल, पण क्षार त्यात बेताचेच. सिक्लिड रुसले, म्हणून दादांनी काळ्या मोली आणल्या. मोलीलाही जड पाणी लागतं. मऊ पाण्यात ती एका जागी उभी राहून नुसती थरथरते. कुणी म्हणालं थंडी वाजतीय, दादांनी हीटर आणला. कुणी म्हणालं श्वास लागलाय, दुसरा एअर पंप आला. मग निळं औषध. शेवटी दादांच्या आईंनी टाकीवरून मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. मोलींवर कशाचाच परिणाम झाला नाही.

यापुढची पायरी आरओची. बायकापोरं नळाचं पितात आणि माशांना आरओचं, अशी व्यवस्था दादांनी काही काळ चालवली. स्वच्छ पाणी म्हणजे चांगलं पाणी, हा आपला सगळ्यांचाच समज. पण आरओ पाण्यातले क्षारही काढून टाकतो, आणि पीएचला सावरून धरणारे कार्बोनेट, टाकीवाल्यांच्या भाषेत केएच, गेले की पीएच कधी घसरेल याचा नेम नसतो.

मग एके दिवशी घरात पाण्याचा जडपणा मोजायची छोटी बाटली आली. परीक्षानळीत पाच मिलिलीटर पाणी घ्यायचं, त्यात एकेक थेंब सोडायचा, आणि नारिंगी रंगाचा हिरवा कितव्या थेंबाला होतो ते मोजायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. नळाचं पाणी चौथ्या थेंबाला हिरवं झालं आणि दादांचा पुनर्जन्म झाला. "आई, आपलं पाणी मऊ हाय!" आई डाळ घोटत होत्या. त्या म्हणाल्या, "आरं, दोन शिट्ट्यांत डाळ शिजती, ते काय उगंच? बोअरच्या पाण्यात पाच लागत्यात. मला इचारायचंस की."

त्या दिवसापासून दादा मासा बघून पाणी शोधत नाहीत, पाणी बघून मासा शोधतात. मोली पाव्हण्यांकडे गेल्या, टाकीत ॲमेझॉनच्या खोऱ्यातले निऑन टेट्रा आले, एंजल आले. तळाशी बदामाची वाळकी पानं पडली. त्यांनी पाणी चहासारखं दिसू लागलं, आणि पाहुणे "दादा, टाकी धुवायला झाली" म्हणाले की दादा दुखावतात. फिल्टरमध्ये मात्र मूठभर शिंपले ठेवलेले असतात, मऊ पाण्याचा पीएच खाली बसू नये म्हणून. आता इथपर्यंत माणूस शहाणा म्हणायचा. निऑन आज बहुतेक फार्मवरच वाढलेले असतात आणि थोडंफार इकडचं-तिकडचं खपवून घेतात. त्यांना आकड्यापेक्षा आकड्याची चढउतार जास्त बाधते, हेही दादांना कळतं. अडचण एवढीच की जे कळलंय ते त्यांना एकट्याला ठेववत नाही.

शेजारच्या काकूंनी टीडीएसचा पेन आणला, तर दादा कुंपणावरून: "काकू, टीडीएस म्हंजे जडपणा न्हवं. मिठाचं पाणी केलं तरी पेन वर चढतोय." काकूंना फक्त फिल्टरवाल्याशी भांडायचं होतं. आरोग्य केंद्रातल्या ताई डासांसाठी हौदात गप्पी सोडायला आल्या, तर दादांनी आधी हौदात बोअरचं पाणी आहे का ते विचारलं. गप्पीला थोडं जड पाणी मानवतं, हे खरं आहे. पण आपल्या गावातला गप्पी गटारीतही बाळंत होतो, हेही तितकंच खरं. ताईंनी पिशवी ओतली आणि सही मागितली. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळ २०२० मध्ये नवा मासा नोंदला गेला, तेव्हा मंडळातल्या एका पोरानं "दादा, जोडी आणू काय?" असं सहज विचारलं. दादा त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत. ती जागा पुढे २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. दादांनी ती बातमी त्या पोराच्या घरी नेऊन दिली.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा शिरोलीजवळ हायवेवर आली, रस्ता बंद, नळ बंद. गल्लीत टँकर आला तशी घागरी-कळश्यांची झुंबड उडाली. दादा रांगेत पुढे, हातात परीक्षानळी.

"पाणी विहिरीचं का बोअरचं?"

"पाणी पाण्याचं हाय. घागर धरा," ड्रायव्हर म्हणाला.

दादांनी धरली, पण थेंब मोजल्याशिवाय टाकीत घातली नाही. चौदा भरले. ते पाणी घरातल्या माणसांनी प्यायलं.

गेल्या वर्षी पुतणीला जत तालुक्यातलं स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी पक्की, द्राक्षबाग. दादांच्या भावानं सगळी चौकशी केली होती. पोहे झाले, चहा आला, आणि दादांनी घसा खाकरला. "तुमच्याकडं पाणी कसलं म्हणायचं?"

"बोअरचं," मुलाची आई म्हणाल्या. "लई जड. खोटं कशाला सांगू?"

दादांचा चेहरा उतरला. पोरगी मऊ पाण्यात वाढलेली. त्यांचा हात खिशाकडे गेलेला बघून वहिनींनी डोळे वटारले. तेवढ्यात बाई पुढं म्हणाल्या, "डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकल्याबिगर शिजतच न्हाय बघा."

"सोडा टाकता?" दादा एकदम सावरून बसले. मग भावाकडे झुकून हळूच म्हणाले, "केएच झकास असणार. होय म्हणून टाक."