चिकटणारे प्राणी

अद्भुत प्राण्यांच्या पत्त्यांच्या खेळात एकाला दुसरा चिकटवण्याचा नियम रचणे भलते अवघड. ‘मॅजिक: द गॅदरिंग’मध्ये 1997 साली आलेल्या ‘लिसिड’ प्राण्यांच्या नियमांनी जाणत्यांनाही घाम फोडला. 2022 च्या ‘रिकॉन्फिगर’ या नियमाने गुंता सोडवला: किंमत मोजून चिकटा, मोजून सुटा, चिकटलेले असेपर्यंत मात्र तुम्ही प्राणी नाही. आमच्या राज्य सरकारला ही युक्ती कधीच साधली होती. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर 1983 मध्ये कल्याण महापालिकेला चिकटले, 1992 मध्ये सुटले आणि नगरपरिषद म्हणून पुन्हा जिवंत झाले. उल्हासनगर मात्र न चिकटताच 1996 मध्ये महापालिका झाले. कोणी म्हणेल, खेळात चिकटल्याने यजमानाची ताकद वाढते, इथे काय वाढले? हद्द वाढली की! दुसरा आक्षेप वजनदार आहे: खेळात किंमत पत्ता टाकणाराच मोजतो. कबूल. इथे टाकणारा मंत्रालयात बसतो आणि मोजणारा नळापाशी हंडा घेऊन उभा असतो. शिवाय कल्याणलगतची 27 गावे 1983 मध्ये आत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत. ‘रिकॉन्फिगर’ही कितीदाही करता येते म्हणा, पण फक्त आपल्या पाळीत, इथे पाळी कोणाची, हे पालिकेची निवडणूक तोंडावर आली की ठरते.