अप-डाऊन-मीमांसा

आता फ्रेजल व्हर्बचा विचार करू. 'आता' म्हणायचं कारण असं की यापूर्वी या विषयाचा जो विचार झाला तो सगळा चुकीच्या ठिकाणी बसून झाला. डॉक्टर जॉन्सन लंडनला बसले, ऑग्डेन केंब्रिजला, बोलिंजर हार्वर्डला. हुबळीच्या दुर्गदबैलात कोणीही बसलं नाही. दुर्गदबैलात बसायला जागा नसते हे मान्य; पण हातात मिरची भजीचा कागद धरून नुसतं उभं राहिलं तरी एका संध्याकाळी जेवढं भाषाशास्त्र कानावर पडतं, तेवढं ग्रंथालयात वर्षभर पडत नाही. कारण ग्रंथालयात बोलायला बंदी असते.

प्रथम स्थलनिश्चिती. दुर्गदबैल म्हणजे हुबळीच्या जुन्या बाजारपेठेचा गाभा. ब्रॉडवे, दाजीबान पेठ, मराठा गल्ली, जवळी साळ ही सारी आसपासच. भाजी, कापड, भांडी, बांगड्या आणि दिवेलागणीनंतर गिरमिटाच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या चटकदार मिश्रणाच्या, गाड्या. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथला मराठी माणूस स्वतःला पाहुणा समजत नाही. तो घरी मराठी बोलतो, गाड्यावर कन्नड, रिक्षावाल्याशी दख्खनी. (घरात मराठी आणि बाहेर कन्नड ही सोय इथे जुनीच. शेजारच्या धारवाडात जन्मलेल्या कवी द. रा. बेंद्र्यांनी तर मराठी मातृभाषा घेऊन कन्नडात ज्ञानपीठ मिळवलं.) मुलाच्या शाळेत गेला की मात्र तो इंग्रजी बोलायला जातो, आणि या चौथ्या भाषेच्या उंबऱ्यावरच फ्रेजल व्हर्ब त्याला आडवं येतं.

लक्षण असं: एक अगदी किरकोळ इंग्रजी क्रियापद घ्यावं, त्यामागे एक त्याहून किरकोळ दिशादर्शक शब्द लावावा, आणि दोघांच्याही अर्थाशी संबंध नसलेला तिसराच अर्थ बाहेर काढावा. 'पुट' म्हणजे ठेव, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सोबत. तिन्ही मिळून 'सहन करणे'. सोबत वर ठेवण्यात सहन करण्यासारखं काय आहे, हे माळा असलेल्या घरातल्या बायकांनाच समजेल. जॉन्सननी 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलं होतं की परक्यांना इंग्रजीत सगळ्यात जड जातं ते हेच. पण त्यांनी या प्रकाराला नाव दिलं नाही. ते नाव छापून आलं 1925 साली, लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या पुस्तकात, आणि स्मिथनीही त्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलींना दिलं. म्हणजे मधली 170 वर्षं इंग्रज हा उद्योग बिननावाने करत होते. आपल्याकडे एवढ्या वर्षांत त्याच्यावर तीन भाष्यं आणि दोन खंडनं झाली असती.

येथे पूर्वपक्ष असा: हा प्रकार मराठी माणसाला नवा आहे, म्हणून अवघड आहे. हे अजिबात खरं नाही. हृ धातू घ्या. त्याला प्र लावला की प्रहार, आ लावला की आहार, सम् लावला की संहार, वि लावला की विहार, परि लावला की परिहार. मारणं, जेवणं, नाश, हिंडणं आणि शंकानिरसन हे सगळं एकाच धातूतून काढणाऱ्या लोकांनी 'गेट'बद्दल तक्रार करू नये. फरक इतकाच की आपले उपसर्ग पुढे बसतात, इंग्रजांचे मागे. आणि इथेही पाणिनी सावध आहे. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात तो आधी सांगतो की उपसर्ग धातूच्या आधी यावेत, आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदापुरती सवलत देतो: तिथे ते धातूच्या मागेही येतील, आणि दोघांच्या मध्ये दुसरे शब्दही घुसू शकतील. तेव्हा 'पुट इट ऑफ' हा शुद्ध वैदिक प्रयोग होय. स्पोकन इंग्लिशच्या वर्गात 'याला नियम नाही, पाठ करा' असं सांगितलं जातं, ते सूत्रपाठ न वाचल्यामुळे.

मध्ये कोण घुसू शकतं, याचा नियम मात्र पाणिनीत नाही; तो दुर्गदबैलात आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास इथून जाणारी ट्रिपल सीट स्कूटर पाहा. पुढे चालवणारा, म्हणजे क्रियापद. मागे कॅरियर धरून बसलेला, म्हणजे अप, ऑफ, आऊट यांपैकी कोणी. मध्ये लहान पोर असेल तर प्रश्नच नाही. त्याला मध्येच बसवतात, मागे बसवलं तर पडेल. 'इट', 'हिम', 'देम' ही सर्वनामं अशी पोरं आहेत. 'पुट ऑफ इट' म्हणणारा मूल रस्त्यावर सांडतो. मध्यम बांध्याचं नाम असेल तर ते मध्येही चालतं, मागेही चालतं. पण दाजीबान पेठेतून खरेदी करून पिशव्यांसकट आलेली मावशी, म्हणजे विशेषणं आणि संबंधी वाक्यं लटकलेलं लांबलचक नाम, मध्ये बसवायला गेलात तर कॅरियरवाला खाली उतरतो आणि वाक्य कलंडतं. मावशीला सगळ्यात मागेच बसवावं लागतं. इंग्रजी व्याकरणकार हा नियम 'वजना'च्या भाषेतच सांगतात. त्यांना तो स्कूटरशिवाय सुचला याचं कौतुक आहे.

पुढचा मुद्दा अर्थाचा. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांतला 'अप' कुठेही वर जात नाही. तो फक्त काम तडीला नेतो. मराठीत हेच काम 'टाक' करतो: खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक. कोणी काही फेकत नाही. कन्नडात तेच काम 'बिडु' करतं, म्हणजे 'सोड': तिंदुबिडु. गिरमिटाच्या गाड्यावर एकच आई धाकट्याला 'खाऊन टाक रे' आणि शेजारणीच्या मुलाला 'तिंदुबिडो' म्हणते, तेव्हा तिने नकळत एक समीकरण मांडलेलं असतं: अप बरोबर टाक बरोबर बिडु. ही जोड-क्रियापदं मराठी-कन्नडासारख्या वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांत सारखीच आढळतात, हे कॉलिन मसिका यांनी 1976 साली सबंध दक्षिण आशियाचा नकाशा काढून दाखवलं. त्याआधी 1971 साली गम्पर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तिथल्या मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्यांचे शब्द वेगळे असले तरी वाक्याचा साचा जवळजवळ एकच झाला आहे असं नोंदवलं. त्याच 1971 साली बोलिंजर यांचं फ्रेजल व्हर्बवरचं पुस्तक अमेरिकेत निघालं. दोन्ही अभ्यास एकाच वर्षी निघून एकमेकांना भेटले नाहीत, याचं कारण उघड आहे: भेटायची जागा ठरली नव्हती.

समीकरण सगळीकडे लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. 'शट अप' घ्या. इंग्रज गोंगाट करणाऱ्याला वरून बंद करतो. मराठीत 'गप्प बस', इथल्या कन्नडात 'सुम्न कुंद्रु': दोन्हींत त्याला आधी खाली बसवतात. माणुसकीचा फरक आहे.

आता शिकण्याकडे वळू. 1985 साली डागुट आणि लाउफर यांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांत असं पाहिलं की फ्रेजल व्हर्ब दिसलं की ते वाट बदलतात आणि एकपदरी क्रियापद वापरतात. त्यांना वाटलं, हिब्रूत असला प्रकारच नाही, म्हणून असेल. चार वर्षांनी असा प्रकार भरपूर असलेल्या डच भाषेच्या विद्यार्थ्यांना तपासलं, तर तेही अर्थ फारच तिरका गेला की टाळतात असं निघालं. इथेही तेच. नोकरीच्या मुलाखतीला बसलेला मुलगा 'पुट अप विथ' कधी म्हणणार नाही, 'टॉलरेट' म्हणेल. 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन'. एवढ्यावर न थांबता आपण 'प्रीपोन'ही बनवलं, कारण पुढे ढकलणाऱ्यांच्या देशात कधीतरी कोणीतरी अलीकडे ओढणारच.

पण हाच मुलगा मुलाखत संपवून बाहेर आला आणि आईला फोन लावला, की काय म्हणतो ते ऐका. 'शर्ट इन केला होता. मधेच त्यांचा सर्व्हर डाऊन झाला. मोबाईल ऑफ होतोय, नंतर बोलतो. नोकरी लागली तर धारवाडला रोज अप-डाऊन करीन.' यात इन आहे, डाऊन आहे, ऑफ आहे, अप आहे. टक, गो, टर्न, कम यांपैकी एकही नाही. प्रस्तुत मीमांसेचा मुख्य सिद्धांत इथे येतो: इंग्रजांनी क्रियापद आणि शेपूट अशी जोडी आणली, आपण शेपूट ठेवून घेतलं आणि क्रियापद परत पाठवलं. त्याच्या जागी 'करणे' आणि 'होणे' बसवले, आणि गाडी सुरू झाली.

या सिद्धांताचं मोल कळायला ऑग्डेन आठवावेत. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 साली 'बेसिक इंग्लिश' काढलं: एकूण शब्द 850, त्यांत क्रियापदं अवघी 18. जगाला सोपी इंग्रजी मिळाली असा गवगवा झाला. पण बाकीच्या हजारो क्रियापदांचं काम या अठरांकडून करून घ्यायचं तर त्यांना अप, ऑफ, आऊट जोडणं आलं. म्हणजे सोपेपणाच्या नावाखाली इंग्रजीतला सगळ्यात अवघड भाग पोत्यात भरून मागच्या दाराने आत आणला गेला. ऑग्डेनना अठरा लागली. दुर्गदबैलात दोन पुरतात. आणि जगाचा हिशेबही याच दिशेने आहे: गार्डनर आणि डेव्हिस यांनी 2007 साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश साठ्यात मोजलं, तर 20 क्रियापदं आणि 8 शेपटं यांच्या जोड्यांतच निम्म्याहून जास्त फ्रेजल व्हर्ब संपतात. त्या वीसांची कपात करायचं धाडस मात्र त्यांना झालं नाही.

'अप-डाऊन' हा तर या पद्धतीचा कळस. हुबळी-धारवाड हे वीसेक किलोमीटर अंतर, वर्षानुवर्षं महापालिका एक, गावं दोन. यातल्या एका गावात राहून दुसऱ्यात नोकरी करणारा माणूस, मग तो रेल्वेने जावो नाहीतर बसने, 'अप-डाऊन' करतो. रेल्वेच्या अप आणि डाऊन गाड्यांवरून आलेला हा शब्द इंग्लंडमध्ये नेऊन 'आय डू अप-डाऊन' म्हणून पाहावा; ऐकणारा उठाबशा समजेल.

उलट दिशेचे धोकेही आहेत. 'मी धारवाडहून पास आऊट झालो' हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात शोभतं. लंडनमध्ये पाणी शिंपडायला माणसं धावतील. (लष्करी अकादमीतला असाल तर चालेल; त्यांची 'पासिंग आऊट परेड' तिकडेही होते.) तहसील कचेरीत फाईल 'पुट अप' होते, पाहुण्याला 'तुम्ही कुठे पुट अप आहात' असं विचारतात, आणि 'कोप विथ'मध्ये उगाच एक 'अप' घालून आपण त्याला सन्मानाने 'कोप अप विथ' करतो. आणि कच्च्या अभ्यासकाने जवळी साळेतल्या कापडवाल्यांच्या 'गोडाऊन'ला फ्रेजल व्हर्ब समजू नये. तो शब्द 'गो' करतही नाही आणि 'डाऊन'ही जात नाही. तो मलय भाषेतल्या 'गुदंग'चा नातेवाईक आहे, आणि त्याची मुळं उलट आपल्याच दक्षिणेतली असावीत असं मानणारेही आहेत. दिसतो मात्र अगदी साहेबासारखा.

या विषयात धारवाडने आणखी काय दिलं असतं याचं कुतूहल राहून राहून वाटतं. जी. ए. कुलकर्णी तिथे वर्षानुवर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. वर्गात त्यांनी 'गेट'चं काय केलं हे त्यांचे विद्यार्थीच जाणोत. धारवाडशीच नातं असलेले विनायक कृष्ण गोकाक हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक होते, आणि पुढे 1981 मध्ये कन्नडला शाळेत पहिलं स्थान द्या असा अहवालही त्यांनीच दिला. इंग्रजी पुरेशी कळलेला माणूसच अशी शिफारस करू शकतो, असं माझं नम्र मत आहे.

शेवटी अभ्यासविधी. फ्रेजल व्हर्बच्या याद्या पाठ करू नयेत. 'गेट'ची चाळीस रूपं पाठ केलेला माणूस एक्केचाळिसाव्याशी गाठ पडली की पहिली चाळीसही विसरतो. त्याऐवजी सकाळी लवकर दुर्गदबैलात जावं, भाजीचा माल उतरत असताना. तिथे 'पिकप' या एका शब्दाचे तीन अर्थ एका जागी मिळतात. माल भरून आणणारी छोटी गाडी म्हणजे पिकप. गाडीच्या इंजिनातली ऐन वेळी उसळी घेण्याची ताकद म्हणजे पिकप. आणि ठरल्या जागेवरून माणूस किंवा माल उचलणं म्हणजे पिकप करणं. वाहतूक पोलीस काठी आपटत 'मामा, अजून इथेच? उशीर का केलास?' असं विचारतो तेव्हा ड्रायव्हर टोपी सारखी करत सांगतो: 'साहेब, पिकपला पिकप नाही, म्हणून पिकप करायला लेट झालं. आता खाली करून टाकतो.'

या उत्तराचं इंग्रजीत भाषांतर करा. गुण 5. 'टॉलरेट' वापरल्यास शून्य.