लिबरल आर्ट्‌सचा बाप

अमेरिकेच्या ईशान्येकडील मराठी वस्तीत, विशेषतः न्यू जर्सीतील एडिसनच्या आसपास, पन्नाशीला टेकलेल्या गृहस्थांचा एक वर्ग आढळतो. सोयीसाठी त्याला ‘लिबरल आर्ट्‌सचा बाप’ म्हणता येईल. हा गृहस्थ सांगली, कराड किंवा पुण्याहून अभियांत्रिकीची पदवी घेऊन सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेला, घराचे बरेचसे हप्ते फेडलेला आणि मंडळाच्या गणेशोत्सवात माइक-स्पीकरची जबाबदारी सांभाळणारा असतो. त्याचे स्वतःचे भवितव्य बारावीचे गुण आणि गुणवत्ता यादी यांनी एका दुपारीच ठरवून टाकलेले असल्यामुळे, आकड्याला आकडा भिडवण्यापलीकडे प्रवेशात आणखी काही असते, अशी शंका त्याला कधी शिवलेली नसते. ती शंका मुलगी घरात आणते, अकरावीच्या वर्षी, आपल्याला छोट्या कॉलेजात जायचे आहे असे जेवताना जाहीर करून.

छोटे कॉलेज म्हणजे सुमारे दीड-दोन हजार विद्यार्थ्यांची, बहुधा पदवीपुरतेच शिक्षण देणारी खासगी निवासी संस्था. तिथे विद्यार्थ्याला एखाद्या व्यवसायासाठी तयार करण्यापेक्षा तत्त्वज्ञान, गणित, जीवशास्त्र, संगीत अशा विषयांत मोकळे फिरू देण्यावर भर असतो आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवला तरी चालतो. मॅसॅच्युसेट्‌समधील विल्यम्स (१७९३) आणि अ‍ॅमहर्स्ट (१८२१), तसेच क्वेकर पंथीयांनी फिलाडेल्फियाजवळ १८६४ मध्ये स्थापलेले स्वार्थमोर (या नावातील पहिली दोन अक्षरे मराठी कानाला जे सुचवतात, त्याच्याशी क्वेकरांचा काही संबंध नाही) ही नावे अमेरिकन विद्वत्‌समाजात आदराने घेतली जातात; परंतु मंडळाच्या जेवणात ती उच्चारली असता समोरच्याच्या चेहऱ्यावर, पोराचे कुठेच जमले नाही असे ऐकल्यावर उमटते तशी सहानुभूती उमटते. अ‍ॅमहर्स्टची गत तर अधिकच कठीण, कारण त्याच गावात राज्याचे भलेमोठे सरकारी विद्यापीठ असल्याने ऐकणारा परस्पर ‘हां, यूमास!’ म्हणून मोकळा होतो.

अशा प्रसंगी हा गृहस्थ एक्सेल उघडतो. प्रवेशाचे प्रमाण, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, एडिसनहून मोटारीने तास किती, जवळचे भारतीय किराणा दुकान किती मैलांवर, अशा रकान्यांची ती फाइल हळूहळू इतकी रुंदावते की तिला आडवे सरकवूनच वाचावे लागते. ‘यू. एस. न्यूज’ हे एके काळचे साप्ताहिक १९८३ पासून कॉलेजांची क्रमवारी लावत आले आहे. मात्र छोट्या कॉलेजांची यादी त्यात वेगळी असल्यामुळे तिथला पहिला आणि हार्वर्डच्या यादीतला पहिला यांची तुलना कशी करायची, या प्रश्नावर त्याचे दोन शनिवार खर्ची पडतात. ओरेगनमधील रीड कॉलेज १९९५ पासून या क्रमवारीला माहिती पुरवतच नाही, हे कळल्यावर तो त्या कॉलेजाकडे प्रगतिपुस्तक दडवणाऱ्या पोराकडे पाहावे तसा पाहू लागतो. शेवटचा रकाना ‘फिट’चा. अर्जदाराचा स्वभाव आणि कॉलेजचे वातावरण यांचे जुळणे म्हणजे फिट. ही गोष्ट मोजता येत नाही, असे शाळेची समुपदेशिका बजावते. मात्र छत्तीस गुण जुळवून संसाराला लागलेल्या या माणसाला ते पटत नाही आणि तो त्या रकान्यात दहापैकी गुण भरतो, तेही मुलीला न विचारता.

प्रत्यक्ष कॉलेज पाहण्याच्या फेरीत हे शास्त्र उघड्यावर येते. वाटाड्या म्हणून नेमलेला विद्यार्थी ऑक्टोबरच्या गारठ्यात अर्ध्या चड्डीवर, पाहुण्यांकडे तोंड करून उलटा चालत ग्रंथालयाचे गुणगान करीत असतो. इतर पालक जेवणाविषयी विचारतात, आणि हा मागून हात वर करून पदवीनंतरचा सरासरी पगार विचारतो. ‘बाबा, प्लीज’ एवढे पुटपुटून मुलगी सहज गेल्यासारखी दुसऱ्या कुटुंबाशेजारी जाऊन उभी राहते. विल्यम्समध्ये मात्र त्याचे मन पहिल्यांदा पाघळते. तिथल्या ट्यूटोरियल पद्धतीत एका प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी बसतात, आठवड्याला एकाने निबंध वाचायचा आणि दुसऱ्याने तो सोलून काढायचा. वार्षिक खर्च ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात असला तरी त्यात निदान अर्धा प्राध्यापक हाती लागतो, हा हिशेब तो परतीच्या वाटेवर मनातल्या मनात तीनदा ताळून पाहतो.

खरी परीक्षा अर्ज भरताना होते. शेकडो कॉलेजांना चालणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ या सामायिक अर्जात ६५० शब्दांपर्यंतचा आत्मपर निबंध असतो, आणि त्यासाठी एखादे संकट गाठीशी असलेले बरे, असा पालकांत समज आहे. या घरातील अडचण अशी की संकटे सगळी बापाच्या वाट्याला आलेली, म्हणजे वसतिगृहातली पातळ आमटी, शिकवणीच्या पैशांतून भरलेली फी, विमानतळावर हरवलेली बॅग. निबंध मात्र लिहायचा मुलीने, आणि तिला कष्ट पडू नयेत म्हणून तर त्याने वीस वर्षे राबून घेतलेले. आपला भूतकाळ तो तिला उसना देऊ करतो. ती शेवटी आजीशी मोडक्या मराठीत फोनवर बोलताना होणाऱ्या फजितीवर लिहिते, ते उत्तम उतरते, आणि त्यात आपला उल्लेख एकदाच, तोही वायफाय दुरुस्त करताना, आलेला पाहून तो काही वेळ बोलत नाही.

‘अर्ली डिसिजन’ची पद्धत त्याला चटकन उमगते. नोव्हेंबरात एकाच कॉलेजला शब्द द्यायचा, डिसेंबरात होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदतीचा आकडा कळण्याआधीच शब्द देण्यास मात्र त्याची छाती होत नाही. अव्वल छोटी कॉलेजे गुणांवर शिष्यवृत्ती सहसा देत नाहीत, कुटुंबाची गरज पाहून मदत देतात, आणि ती गरज मोजण्यासाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा अर्ज भरून घेतात. आपण मध्यमवर्गीय आहोत ही या गृहस्थाची आयुष्यभराची श्रद्धा तो अर्ज एका संध्याकाळी मोडीत काढतो.

मार्चअखेरीस निकाल लागतात, १ मेपर्यंत कळवायचे असते, आणि मुलगी नेमके ते कॉलेज निवडते ज्याला ‘फिट’च्या रकान्यात चारच गुण होते. पंधरा दिवसांत त्या चाराचे नऊ होतात. त्यानंतर हा गृहस्थ मंडळात छोट्या कॉलेजांचा प्रचारक म्हणून वावरू लागतो: स्टीव्ह जॉब्स रीडचे, बराक ओबामा ऑक्सिडेंटलचे, असे दाखले देतो, आणि पहिल्याने सहा महिन्यांत तर दुसऱ्याने दोन वर्षांत आपापले कॉलेज सोडले, हा तपशील वेळेअभावी गाळतो. सांगलीहून थोरली बहीण फोनवर ‘कुठली ब्रांच मिळाली रे?’ असे विचारते तेव्हा मुलीने घेतलेल्या भूगर्भशास्त्र आणि ग्रीक या विषयांचे समर्थन करण्याऐवजी तो ‘कॉम्प्युटर’ म्हणतो. मुलीकडे कॉम्प्युटर आहे, त्यामुळे हे अगदीच खोटे ठरत नाही. मोटारीच्या मागच्या काचेवर कॉलेजचे स्टिकर चिकटवून महिना लोटतो, तरी ओळखीच्यांपैकी कोणी त्याविषयी अवाक्षर काढत नाही. मग एके दिवशी पेट्रोल पंपावर शेजारच्या गाडीतला एक अनोळखी अमेरिकन म्हातारा काच खाली करून ‘फार उत्तम कॉलेज’ एवढेच म्हणतो, आणि त्यानंतर बरेच दिवस हा गृहस्थ टाकी अर्धी भरलेली असतानाच त्या पंपावर जाऊन रांगेत उभा राहतो.